सिंकखालच्या बाटल्या

मीनू, महिन्याच्या सामानाची यादी पाठवलीस, ती नीट वाचली. डाळ-तांदूळ-तेल सोडून दे, ते लागतंच. पण त्याखालचं बघ ना! भांड्यांचं लिक्विड, फरशीचं वेगळं, काचेचं वेगळं, बाथरूमच्या टाइल्सचं वेगळं, टॉयलेटचं वेगळं, ओट्यावर मारायचा स्प्रे, शेगडीवर मारायचा स्प्रे, तुंबलेलं सिंक उघडायची पावडर आणि वर घरभर वास सुटावा म्हणून आणखी एक बाटली. दोन खोल्यांच्या घराला एवढं? आणि एवढं सगळं लिहून शेवटी विचारतेस, "ताई, हे घरी करता येतं म्हणे, खरं का गं?"

खरं आहे, पण अर्धंच. मोबाइलवर दाखवतात तितकं सगळं घरी होत नाही. आणि जे होतं, त्यातल्या निम्म्या गोष्टी करायची गरजच नसते. मी काय सांगते ते ऐक, पटेल तेवढं घे.

आधी बाटल्या विसर आणि मळाकडे बघ. घरातला मळ मुळात तीन जातींचा. एक ओशट, म्हणजे फोडणीचा, चिमणीच्या जाळीवरचा, डब्यांच्या झाकणांवर बसतो तो चिकट थर. दुसरा पाण्यातल्या क्षारांचा, नळाच्या तोटीवर, शॉवरवर, बादलीच्या आत पांढरा धरतो तो. तिसरी नुसती धूळ. ओशटाला खार लागतो, क्षारांना आंबट लागतं आणि धुळीला ओलं फडकं पुरतं. एवढं डोक्यात बसलं की दुकानातल्या त्या लांबलचक फळीसमोर तुझी निम्मी भीती पळते. आजी तेलकट कढईला राख लावायची आणि तांब्याच्या घागरीला चिंच. उलटं कधी करायची नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात, ते तेल सोडवतात, आणि राखेची बारीक कचकच वरून घासायचं काम करते. हल्ली तीच राख छान पिशवीत घालून विकायला ठेवतात, किंमत बघितलीस तर हसशील.

तर तू फक्त एवढं आण: धुण्याचा सोडा, खायचा सोडा, लिंबूसत्त्व आणि भांड्यांचं एकच कुठलंतरी साधं लिक्विड. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, साखरेसारखे पांढरे खडे असतात, किराणावाल्याकडे 'लिंबूफूल' म्हटलं तरी देतो. व्हिनेगर घरात असेल तर असू दे, मुद्दाम आणू नकोस. दुकानातलं पांढरं व्हिनेगर म्हणजे साधारण 4 टक्के आम्ल आणि बाकी पाणी. बाटलीभर पाणी उचलून आणण्यापेक्षा लिंबूसत्त्वाची पुडी आणलीस तर घरच्या पाण्यात लागेल तेव्हा लागेल तेवढंच कालवता येतं. तुझ्या यादीतल्या बहुतेक बाटल्यांचं असंच आहे गं. पाणी, थोडा साबण, रंग आणि वास. कोरडी वस्तू आणली की प्लास्टिक आपोआप कमी होतं.

आता तो व्हिडिओ, जो तू मला पाठवलास. सिंकमध्ये खायचा सोडा टाकतात, वरून व्हिनेगर ओततात, फसफस फेस येतो आणि बाई कौतुकाने बघत राहते. उथळ पाण्याला खळखळाट फार, त्यातली गत. सोडा खारा, व्हिनेगर आंबट. दोघं भेटले की एकमेकांना मारून मोकळे होतात. उरतं काय, तर जवळजवळ नुसतं खारट पाणी. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा. अरुंद जागेत त्याने थोडा कचरा हलत असेल, पण मळ कापायची ताकद दोघांचीही गेलेली असते. आणि हेच मिश्रण बाटलीत भरून 'सर्व कामांसाठी क्लीनर' म्हणून ठेवायला सांगतात! बूच घट्ट लावलंस तर बाटली फुगेल, कदाचित फुटेल, ते वेगळंच. दोन्ही वापर, पण वेगवेगळ्या ठिकाणी किंवा एक धुऊन काढल्यावर दुसरं. सिंक तुंबलं तर त्यात नव्वद टक्के भाताची शितं, चहाचा चोथा आणि गोठलेलं तेल असतं, न्हाणीत केस. त्याला रबरी पंप आणि भोकावर बसवायची बारीक जाळी हाच उपाय. कढईतलं उरलेलं तेल कागदाने पुसून मगच कढई सिंकमध्ये ठेवायची सवय लाव, पावडर आणायची वेळच येणार नाही.

खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांत गल्लत करू नकोस. खायचा मवाळ असतो. बेसिन घासायला, फ्रिजमधला वास मारायला, कपातले चहाचे डाग काढायला उत्तम. धुण्याचा चांगलाच खारा, तेलाला तो हवा. खायचा सोडा कोरड्या कढईत चांगला तापवला तर त्याचा धुण्याचा सोडा होतो, पण गॅस जाळून ती हौस कशाला, तो आणखी स्वस्त मिळतो. चिमणीची स्टीलची जाळी बादलीभर कडक पाण्यात धुण्याच्या सोड्याचे दोन-तीन मोठे चमचे घालून अर्धा तास बुडवून ठेव, मग जुन्या ब्रशने घास, थर लोण्यासारखा सुटतो. मात्र हातमोजे घाल, आणि ॲल्युमिनियमला हा सोडा लावू नकोस. चहाचं पातेलं, जुना कुकर, काही चिमण्यांच्या जाळ्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्या काळ्या पडतात. कुकर आतून काळा पडतो त्यावर उपाय उलटा: डाळ-भात लावताना तळातल्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाक. आई टाकायची, आठवतं?

तुमच्याकडे वाघोलीला टँकरचं आणि बोअरचं पाणी. त्यामुळे तुझं खरं दुखणं ओशटाचं नाहीच, क्षारांचं आहे. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याची करडी साय होऊन बादलीला चिकटते, मग आपण आणखी साबण ओततो आणि ती साय आणखी वाढते. इथे लिंबूसत्त्व सोन्यासारखं काम करतं. इलेक्ट्रिक किटलीत लिटरभर कोमट पाण्यात एक-दोन चमचे घालून तासभर ठेवून दे, थर विरघळून जातो, मग दोनदा साधं पाणी उकळून फेकायचं. तोटीला चिंधी त्या पाण्यात भिजवून गुंडाळ आणि रात्रभर राहू देऊ नकोस, अर्धा तास पुरे, नाहीतर वरचा चकचकीत मुलामा जातो. शॉवरची जाळी काढून वाटीत बुडव. टॉयलेटच्या भांड्यातल्या पिवळट रेघेलाही तेच चालतं: रात्री मूठभर टाकायचं, सकाळी ब्रश. दारोदार बाटलीतून 'ॲसिड' विकत फिरतात ना, ते मात्र घरात आणूच नकोस. 2013 साली सुप्रीम कोर्टाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले ते ॲसिडहल्ल्यांमुळे, पण संडास धुताना त्याच्या वाफेने छाती भरून येणाऱ्या बायकांचं कुणी मोजलेलं नाही.

पण थांब, आंबटाचं एवढं कौतुक ऐकून ओट्याला लिंबू चोळायला धावू नकोस. तुझा ओटा कडप्प्याचा आहे. कडप्पा हा चुनखडीचा दगड, शहाबादी फरशीही तीच जात आणि संगमरवरही. नळावरचा पांढरा थर ज्याचा असतो त्याच द्रव्याचा हा दगड. म्हणजे जे तोटी साफ करतं ते ओटा खातं. लिंबाचं पाणी सांडून राहिलं की कडप्प्यावर फिकट, खरबरीत डाग उठतो आणि तो डाग मळाचा नसतो, दगडच गेलेला असतो. घासून घासून निघणार कसा? हात दाखवून अवलक्षण. जुन्या इमारतीतल्या मोझॅकच्या लाद्यांतही संगमरवराची खडी असते, तिथेही हाच नियम. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सना आंबटाचं तेवढं भय नाही. खात्री नसेल तर दाराआडच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून दोन मिनिटांनी पूस. कडप्प्याला भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात, मग साध्या पाण्याचं फडकं, संपलं.

आता सगळ्या सोसायटीत ज्याचं वेड आहे ते बायो-एन्झाइम. तुझ्या शेजारणीने बरण्या लावल्यात म्हणालीस. कृती सोपी आहे: 1 भाग गूळ, 3 भाग साली, 10 भाग पाणी. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम संत्र्या-मोसंबी-लिंबाच्या साली आणि 1 लिटर पाणी. थायलंडच्या रोसुकोन पूमपानवोंग या बाईंनी हे प्रमाण लोकांपर्यंत नेलं आणि तिथून ते जगभर गेलं. बरणी रुंद तोंडाची, प्लास्टिकची घ्यायची, काचेची नाही, कारण आत वायू धरतो. वर एक तृतीयांश जागा रिकामी ठेवायची. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, साली खाली दाबायच्या. तीन महिन्यांनी गाळायचं. वर पांढरी साय आली तर घाबरू नकोस, पण काळी बुरशी आली आणि कुजका वास सुटला तर बरणी सरळ खतात उलटी कर.

मला विचारशील तर हे करावं, पण त्याची आरती ओवाळू नये. आत घडतं काय? गुळाची साखर आंबते, तिचं आधी मद्य होतं आणि मग त्याचं आम्ल. म्हणजे तीन महिन्यांनी हातात येतं ते बरंचसं संत्र्याच्या वासाचं घरगुती व्हिनेगरच. एन्झाइम असतीलही थोडी, पण काम बहुतेक ते आम्लच करतं. त्यामुळे व्हिनेगरचे सगळे नियम यालाही लागू: कडप्पा-शहाबादी-संगमरवर वर्ज्य, टाइल्सवर, बाथरूममध्ये, काचेवर चालेल. फरशीच्या बादलीत एक-दोन झाकणं पुरतात. जंतू मारतं, पाण्याची टाकी शुद्ध करतं, नदी स्वच्छ करतं असं जे सांगत सुटतात, त्यावर विश्वास ठेवू नकोस. फायदा कुठे आहे, तर ज्या साली नाहीतरी कचऱ्यात जाणार होत्या त्या कामाला आल्या. पण त्यासाठी सेंद्रिय गूळ, लवंगेचं तेल, लॅव्हेंडरचं तेल असं सगळं आणायला लागलीस तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुकानात खाली उरलेला काळपट गूळ स्वस्त मिळतो, तो आण. नागपूरच्या आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चला, त्या वेळी साली फुकट मिळतात. ज्यूसवाल्याला सांगून ठेवलंस तर पिशवी भरून देईल. पहिली बरणी गाळलीस की त्यातलं कपभर पाणी पुढच्या बरणीत घाल, ती लवकर तयार होते.

रिठ्याबद्दल मात्र मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण ती खरी आपली वस्तू. आपल्याकडे रिठ्याची झाडं कोकणात आणि घाटाच्या उतारावर होतात. फळाच्या गरात सॅपोनिन असतं, बी मात्र फुकट, म्हणून आधी बिया काढायच्या. दहा-बारा रिठ्यांची सालं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळ, गार झाल्यावर कुस्कर आणि फडक्यातून गाळ. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, त्यानंतर आंबून वास मारतं, म्हणून बादलीभर करून ठेवू नकोस. साबणासारखं जड पाण्याशी त्याचं भांडण होत नाही, करडी साय धरत नाही. तुमच्या पाण्यात हा मोठा गुण आहे. आईची पैठणी, लोकरीची शाल, सोन्याचे दागिने, यांना रिठ्यासारखं दुसरं काही नाही. सोनार उगीच वापरत नाहीत. सोड्याने रेशीम रखरखीत होतं, रिठ्याने त्याची लकाकी राहते.

पण रोजचे कपडे रिठ्यात धुवायचे म्हणशील तर थोडं सांभाळून. तळव्याला मळलेले मोजे, शर्टाची कॉलर, बाळाची दुपटी, यांना रिठा पुरत नाही. पांढरे सुती कपडे हळूहळू पिवळट दिसायला लागतात. तिथे डिटर्जंटच बरं, फक्त अर्धं घाल. पाकिटावर दाखवलेलं माप भरगच्च मळक्या कपड्यांचं असतं, ऑफिसात एसीत बसून आलेल्या कपड्यांना तेवढं कशाला? आणि हो, रिठा नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी नाही. डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो. पूर्वी ओढ्यात मासे गुंगवायला रिठा टाकत, तेव्हा मासे असलेल्या कमळाच्या टबात ते पाणी ओतू नकोस.

देवाच्या चांदीसाठी एक युक्ती, पुढच्या गौरी-गणपतीला उपयोगी पडेल. पसरट भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल घाल, त्यावर निरांजनं-ताम्हण ठेव, लिटरभर कडक पाण्यात दोन-तीन चमचे खायचा सोडा आणि चमचाभर मीठ विरघळवून ओत. चांदीचा काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक यांची जोडी. गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. पावडरने घासलं तर दर वेळी थोडी चांदीच झिजते. मोती-खडे बसवलेलं काही त्यात टाकू नकोस. तांब्या-पितळेला चिंच-मीठ तुला माहीतच आहे, फक्त लगेच धुऊन कोरडं पूस, आणि कल्हईच्या बाजूला आंबट लावू नकोस.

काही गोष्टी घरी करायच्याच नाहीत. कॉस्टिक सोडा आणून साबण बनवायचा नाही. बाळ रांगतंय तुझं, कॉस्टिकचं भांडं त्याच्या हाताला लागलं तर मी तुला काय सांगू? दुसरं म्हणजे, घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर तिथे लिंबू-व्हिनेगर-एन्झाइम काही उपयोगाचं नाही. आधी साबणाने घाण काढायची, मग ब्लीच बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थंड पाण्यात कालवून वापरायचं, त्याच दिवशी संपवायचं आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. त्यासाठी ब्लीचची एक छोटी बाटली घरात असू दे. रोजच्या फरशीला त्याची गरज नाही.

आणि हे पक्कं लक्षात ठेव: ब्लीच पाण्याशिवाय दुसऱ्या कशातही मिसळायचं नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये आम्ल असतं. ते आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर, लिंबूसत्त्व, तुझी ती संत्र्याची बरणी, सगळंच आंबट, म्हणून त्यांच्याबरोबरही तेच. काही काच पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया असतो, तोही ब्लीचबरोबर विषारी वायू काढतो. बंद संडासात, दार लावून, 'दोन्ही घातलं तर जास्त साफ होईल' म्हणून बायका हे करतात. नाकाला झोंबलं की काम तिथेच टाकून बाहेर यायचं, फ्लश करायलासुद्धा थांबायचं नाही.

बाटल्यांचंही बघ. घरी केलेलं काहीही कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरू नकोस, कितीही 'पुनर्वापर' वाटला तरी. संत्र्याचं एन्झाइम बाळाला सरबतासारखंच दिसणार. पूर्वी घरोघरी रॉकेल असंच पाण्याच्या बाटलीत ठेवायचे आणि मुलं पिऊन दवाखान्यात जायची. जुन्या क्लीनरचीच स्प्रे बाटली धुऊन वापर, तिच्यावर काळ्या मार्करने नाव आणि तारीख लिही, आणि सिंकखालून सगळं उचलून वरच्या फळीवर ठेव. कापराच्या वड्याही तिथेच, लहान मुलाच्या पोटात गेल्या तर फार घातक.

फरशीचं शेवटी सांगते, कारण तिथेच तुझे सगळ्यात जास्त पैसे जातात. रोज पुसायला साधं पाणी पुरतं. दोन वेळा पाणी बदल, फडकं स्वच्छ धू आणि उन्हात वाळव. मळक्या फडक्याने महागडं लिक्विड फासलं तर वास येतो, फरशी साफ होत नाही. आठवड्यातून एकदा लिक्विडचे दोन थेंब. फडकं आपल्या जुन्या सुती साडीचं किंवा बनियनचं. घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा नारळाचा काथ्या. घोसाळ्याचा वेल बाल्कनीत लावलास तर एक-दोन फळं मुद्दाम वेलीवरच वाळू दे.

आणि हे सगळं करण्याआधी मावशींशी बोल. तुझ्या घरात घासतात त्या, तू नाहीस. भांड्याला फेस दिसला नाही तर त्या आणखी लिक्विड ओतणार, त्यांचंही चुकत नाही, फेस नसेल तर 'नीट घासलं नाही' असं ऐकून घ्यावं लागतं त्यांनाच. एका वाटीत पाणी घालून पातळ केलेलं लिक्विड ठेव आणि ते का ते सांग. बाथरूमला लिंबूसत्त्व वापरायला दिलंस तर त्या खूश होतील, कारण त्या ॲसिडच्या वाफा त्यांनी चार घरांत रोज घेतलेल्या असतात. हातमोज्यांची एक चांगली जोडी त्यांच्या मापाची आण, तुझ्या मापाची नको. सोड्याने हात फुटतात. वाचलेल्या पैशांतून पहिला खर्च तोच कर.

रिठे मी पाठवते, यंदाचे आहेत. बिया काढूनच पाठवते, म्हणजे टपालखर्च कमी.